मीटरमधली चांदणी

६ नोव्हेंबर

खडू,

सोबत एक अर्ज आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर आणि परत पाठव. अठ्ठावीस तारखेच्या आत मिळायला हवा. हे आधीच लिहिलं, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी काम अडणार नाही.

फोन केला नाही. फोनवर तू ‘बरं’ म्हणतोस आणि ठेवतोस. बाबा गेल्याचं कळवलं तेव्हाही ‘बरं’ म्हणालास. नंतर दोन ओळींचं पत्र आलं. त्या पाकिटावरचा पत्ता मी जपून ठेवला. तो अजून खरा आहे असं धरून चालते.

अर्ज पाण्याचा आहे. घराला मीटर एक आणि बिऱ्हाडं पाच, हे तुझ्या वेळचं अजून तसंच आहे. एका मीटरला महिन्याला पंधरा युनिटपर्यंत पाणी स्वस्त. युनिट म्हणजे हजार लिटर. त्यापुढे चौपट दर. मीटरमागे माणसं दोन की एकवीस, हे कोणी विचारत नाही. टेकडीवरच्या एका बंगल्यात नवराबायको दोघंच राहतात, त्यांचं पाणी स्वस्त. आपल्या घरात एकवीस माणसं, आपलं महाग. आता खात्याने योजना काढली आहे. मागेल त्या बिऱ्हाडाला स्वतंत्र मीटर, प्रत्येकाला आपले पंधरा. घर आपल्या दोघांच्या नावावर, म्हणून सह्या दोन. मुदत गेली की योजना बंद.

बाकी ठीक. खालच्या खोलीत आता एक चष्मे दुरुस्त करणारा राहतो. शिंपीकाकांनंतरचा तो चौथा भाडेकरू. बाबांनी पाण्याचा हिशेब करून काकांना खोली सोडायला लावली, त्याला चौदा वर्षं झाली. तूही त्याच दिवशी गेलास म्हणून आकडा लक्षात आहे.

एक गंमत राहिली. मीटरच्या तबकडीत, आकड्यांखाली, एक लाल चांदणी असते. डाळीच्या दाण्याएवढी. थेंबभर पाणी गेलं तरी ती फिरते. स्वतःच्या घराचं मीटर आम्हा खात्यातल्या मीटर वाचणाऱ्यांना वाचायला देत नाहीत, तसा नियम आहे, त्यामुळे मी शहरभरच्या चांदण्या बघते आणि आपली कधी बघितली नव्हती. मंगळवारी सुट्टी होती. दुपारी घरात कोणी नव्हतं, माझे नळ बंद होते. सहज झाकण उचललं.

चांदणी फिरत होती. कोणासाठी?

ताई


१० नोव्हेंबर

खडू,

अर्ज पोचला असेल. मी त्याबद्दल लिहीत नाहीये.

काल रविवार, सगळे घरी. सांगून ठेवलं होतं: दोन वाजता सगळे नळ घट्ट बंद, दहा मिनिटं कोणी मोरीत जायचं नाही. आपल्याकडे वर टाकी नाही, पाणी सरळ लाइनीतून येतं, तेव्हा नळ बंद म्हणजे चांदणी बंद. दोन वाजता सगळं घर मीटरच्या खड्ड्याभोवती उभं. चष्मेवाल्याने भिंग आणलं होतं.

“काय बाई, पेशंट आहे का?” वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरने विचारलं.

“आहे. नाडी लागतेय.”

चांदणी सावकाश फिरत होती. मग जे व्हायचं ते झालं. नर्सबाई म्हणाल्या, “आमच्या भिंतीपलीकडे फ्लश किती वेळा ओढतात ते मी रोज ऐकते.” ड्रायव्हरची बायको म्हणाली, “मग कान बंद करा. नळ आम्ही केलाय.” कोणी म्हणालं, मागच्या वर्षी पाहुणे महिनाभर राहिले होते ते कोणाकडे? चष्मेवाला म्हणाला, “मी एकटा जीव, माझ्या मोरीत तर बादली पण कोरडी आहे, बघून या.” दोघंतिघं खरंच बघून आले.

आणि तेवढ्यात चांदणी थांबली.

मी घड्याळ लावलं. सहा मिनिटं ती हलली नाही. मग परत फिरायला लागली, तेवढ्याच सावकाश, आणि बारा मिनिटांनी परत थांबली.

गळती अशी नसते, खडू. गळतीला दम लागत नाही, ती विसावा घेत नाही. संडासाच्या टाक्यांत मी शाई टाकून बघितली, खाली रंग उतरला नाही. एकवीसच्या एकवीस माणसं अंगणात माझ्यासमोर उभी होती आणि कोणीतरी पाणी वापरत होतं.

काल रात्रीपासून माझं डोकं त्यातच आहे. तुला लहानपणी खडू खायची सवय होती, मला ‘का’ विचारायची. तुझी सुटली.

ताई


१४ नोव्हेंबर

खडू,

तुझं उत्तर नाही. मी मोजत नाही, फक्त टपाल आलं की बघते.

आमच्या खात्यात एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे कानवाले म्हणतात. त्यांच्याकडे हातभर लांब लाकडी दांडा आहे. एक टोक जमिनीला, एक कानाला. रस्त्याखाली पाइप कुठे फुटलाय ते ते ऐकून सांगतात. आता यंत्रं आली आहेत. यंत्रं चुकली की कानवाल्यांना बोलावतात. काल ते जेवणाच्या सुट्टीत माझ्यासोबत घरी आले.

अंगणात चार ठिकाणी दांडा टेकवला. मग कपडे धुण्याच्या दगडाजवळ बसले आणि डोळे मिटले.

“गळत नाहीये,” ते म्हणाले. “गळतं ते एकसुरी. हा माणूस आहे.”

“माणूस?”

“नळाखाली बादली आहे. बारीक धार. थांब.” बराच वेळ गेला. “भरली. बघ तुझी चांदणी.”

मी धावत जाऊन बघितली. थांबली होती.

ते दांडा टेकवत टेकवत मागच्या भिंतीपर्यंत गेले. पाइप भिंतीखालून पलीकडे जातो. पलीकडे मागची गल्ली. तिथे जायचा रस्ता दुसऱ्या बाजूने आहे, मोठा वळसा घालून. मी त्या गल्लीत कधी गेले नाही, हे मला काल भिंतीसमोर उभं राहून लक्षात आलं. तिथे एकही मीटर नाही. मला तिथे काय काम?

“हे कळवायला लागेल ना?” मी विचारलं.

“कोणाला?”

“खात्याला. न नोंदवलेली जोडणी आहे.”

कानवाल्यांनी दांडा पिशवीत घातला. “अगं, मी म्हातारा माणूस. मला आता नीट ऐकू येत नाही. तू काय ऐकलंस ते तुझं तू बघ. पण एक डिसेंबरला तुमच्या घराची तपासणी आहे, नव्या मीटरांसाठी. ते येताना पहार घेऊन येतात. जो पाइप कागदावर नाही तो कापतात. विचारत नाहीत.”

उद्या दगड हलवणार आहे. मला बघायचंय.

ताई


१६ नोव्हेंबर

खडू,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस.

दगड हलवला. हातभर खाली पाइप सापडला, आणि आपल्या लाइनीला जिथे तो जोडलाय तो जोड. माती पुसली. पाणी झिरपू नये म्हणून भरलेलं सूत आणि सफेदा जोडातून बाहेर आलेला असतो तसा होता, वाळून दगडासारखा. पण सूत उलटं गुंडाळलेलं. पाइपच्या आट्यांच्या विरुद्ध.

मी माती पुन्हा पुसून बघितली.

तू प्लंबरचं काम शिकत होतास तेव्हा तुझे उस्ताद या अंगणात बसून तुला शिव्या द्यायचे. “डावऱ्या, सूत उजवीकडे गुंडाळ. उलटं गुंडाळलंस तर पाइप पिळताना सगळं सुटून हातात येईल.” आणि तू दहा वेळा नीट करून अकराव्यांदा परत उलटं करायचास, आणि मग ते सुटू नये म्हणून तिप्पट सूत आणि तिप्पट सफेदा लावायचास. ते म्हणायचे, “हा जोड आहे की जखम?” सगळ्या शहरात असा जोड एकच माणूस करतो.

मला राग आलेला नाही. म्हणजे आला होता, शनिवारी संध्याकाळपर्यंत. आता नुसते प्रश्न आहेत. कधी खणलंस? भरल्या घरात कोणाला ऐकू कसं आलं नाही? कोणासाठी केलंस? आणि त्यानंतर बाबा शिंपीकाकांना खोली सोडायला सांगत होते आणि तू समोर उभा राहून ऐकत होतास, तेव्हा तोंडातून शब्द का काढला नाहीस?

दगड परत ठेवला आहे. घरात कोणाला सांगितलेलं नाही. नर्सबाईंनी विचारलं, “काय सापडलं?” मी म्हटलं, माती.

उद्या वळसा घालून जाते.

ताई


१९ नोव्हेंबर

खडू,

आता दुसरा अर्ज सोबत आहे. त्यावरही सही हवी. का ते सांगते.

गल्लीत अकरा घरं. टोकाला एक संडास, पालिकेने बांधून दिलेला, पक्का, फरशा लावलेला. आत एक नळ. पहिल्याच दारात इस्त्रीचं टेबल आणि इस्त्रीवाल्या मावशी. मी खात्याचं ओळखकार्ड गळ्यात घालून गेले होते, सवयीने. त्यांनी कार्ड बघितलं आणि आत हाक मारली, “दादा, आली बघ.”

आतून शिंपीकाका आले.

चष्मा जाड झालाय. बाकी तेच. मी म्हटलं, “काका, तुम्ही इथे असता हे मला माहीत नव्हतं.”

“तुला कसं माहीत असेल? इथे मीटर कुठे आहे?”

चौदा वर्षं, खडू. भिंतीपलीकडे. तुम्ही गेलात त्या दिवशी मी खिडकीतून बघत होते. हातगाडीवर मशीन, मागे काका, काकू आणि पाच मुली, त्यांच्या मागे तू. कोपऱ्यावर गाडी वळली आणि मला वाटलं, गेले सगळे कुठेतरी लांब. लांब तू एकटाच गेलास. नर्सबाईंना काका इथे असल्याचं पहिल्यापासून माहीत आहे. त्या कपडे इथेच टाकतात. मी कधी विचारलं नाही म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही.

इस्त्रीवाल्या मावशी काकांची धाकटी बहीण. त्यांनी सांगितलं ते असं. संडास बांधून मिळाला, पाणी मिळालं नाही. जोडणीसाठी अर्ज करायला घराचे कागद लागतात. “कागद असते तर इथे कशाला राहिलो असतो?” मग बायका रस्त्यावरच्या पैसे देऊन जायच्या संडासात जायच्या. दर खेपेला, दर माणशी. “पोट बिघडलं तरी सवलत नाही. पाचव्या खेपेला मी त्या दारावरच्याला म्हटलं, बाबा, आता माझा पास काढ.”

मी काकांना विचारलं, खणताना आवाज कसा आला नाही.

ते हसले. “दुपारची वेळ, घरात मी एकटा. दोन दुपारी मशीन चालवत बसलो. धागा न ओवता. पहारीचा आवाज दाबायला. सुया किती मोडल्या विचार.”

“मग बाबांनी तुम्हाला खोली सोडायला सांगितली तेव्हा बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तुझ्या बाबांनी आधी जोड तोडला असता, मग विचारलं असतं. तुझा भाऊ बोलायला निघाला होता. मीच त्याचा हात दाबला. म्हटलं, मी एक खोली सोडून दुसरीत जातो. त्या अकरा घरांनी कुठे जायचं?” मग म्हणाले, “आणि खोलीला ओलही होती. तुझ्या बाबांना इतक्या वेळा सांगितलं होतं.”

तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं. म्हणजे माझ्या.

आता एक सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की हिशेब बाबांनी केला. बाबांना भागाकार येत नव्हता. हिशेब माझा होता. नोकरी नवीन, आठ दिवसांचं शिक्षण झालेलं. बिल एकदम वाढलं, बाबांनी विचारलं, “तू पाणीखात्यातली ना? सांग कोण पितंय?” मी जाड कागदावर तक्ता केला. बिऱ्हाड, माणसं, आंघोळी, भांडी, फ्लश, लिटर. सगळ्यात जास्त माणसं शिंपीकाकांची, सात. उरलेलं पाणी मी त्यांच्या रकान्यात टाकलं. मला तो तक्ता फार आवडला होता.

काका उठले, पत्र्याच्या डब्यातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. शर्टाची कॉलर कापायचा नमुना होता. त्यावर माझं अक्षर. ‘माणसं सात’, ‘आंघोळी’, अर्धे आकडे. मानेच्या वळणावर कात्री फिरली आहे, बेरीज तिकडेच गेली.

“कागद चांगला होता. टाकवेना,” ते म्हणाले. “पाचशे कॉलरी निघाल्या असतील यावर. माप चोख आहे.”

दुसरा अर्ज त्या नळाचा आहे. नव्या योजनेत एक कलम आहे. सामाईक संडासाला स्वतःचं मीटर मिळतं, गल्लीतल्या लोकांच्या नावावर, कागद न मागता. अट एकच. पाइप ज्यांच्या अंगणाखालून जातो त्या सगळ्या मालकांची संमती हवी. दोन मालक. तुझी सही आली नाही तर एक तारखेला ते पहार घेऊन येतील, आणि मला तिथे खात्याचं कार्ड घालून उभं राहावं लागेल.

ताई


२७ नोव्हेंबर

खडू,

आज पाकीट आलं. दोन्ही अर्जांवर सही आहे. दुपारीच खात्यात देऊन पोच घेतली.

पत्र शोधलं. नाही. मग पाकीट फाडून उलगडलं, आणि तुला ओळखते म्हणून सापडलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने काढलेलं अंगण. दगड, दगडापासून चार विटा डावीकडे एक गोल, आणि लिहिलंयस: ‘इथे खाली कॉक आहे. धार बारीक ठेवली होती. आता अडीच फेरे उघड.’

आणि खाली कोपऱ्यात एक जुनी बेरीज. पाच घरं, प्रत्येकी पंधरा, पंच्याहत्तर. घराला लागतात पन्नास. उरतात पंचवीस. त्यातले दहाच घ्यायचे. शेवटी प्रश्नचिन्ह.

म्हणजे इतकी वर्षं तुला हेच कळलेलं नाही. तू स्वस्तातलं उरलेलंच पाणी तिकडे वळवलं होतंस, कोणाच्या ताटातलं नाही. धार बारीक ठेवून, मोजून. मग बिल का वाढलं?

तुला चिठ्ठीत विचारता आलं नाही म्हणून बेरीज लिहिलीस. मी उत्तर देते.

तो पंधराचा आकडा तुला मी दिला. त्याच वर्षी टप्प्यांचे दर आले होते. मी भाजी निवडत होते, तू दारात उभा राहून विचारलंस, “ताई, किती पाण्यापर्यंत दर वाढत नाही?” तू माझ्या नोकरीबद्दल पहिल्यांदाच काही विचारत होतास. मी म्हटलं, “घरटी पंधरा.” शिक्षणात दिलेल्या सगळ्या उदाहरणांत एका घराला एक मीटर होतं. पंधरा घराला नव्हते, मीटरला होते. आपल्या पाचही बिऱ्हाडांना मिळून पंधरा. त्यापुढचा प्रत्येक थेंब चौपट. हे मला पुढच्या वर्षी कळलं. तुला मी काय सांगितलं होतं ते मला आज आठवलं.

संध्याकाळी बसून हिशेब पुन्हा केला, आता बारीक कागदावर. त्या महिन्यात बिल जेवढं वाढलं त्याचे चार भाग केले, तर जवळजवळ तीन भाग नुसते नव्या दरांचे. तू नळ जोडला नसतास तरी ते आलेच असते. एक भाग त्या नळाचा. शिंपीकाकांचा शून्य.

तीन भाग कोणाच्याच पाण्याचे नव्हते, आणि मी ते पिणारा माणूस शोधत होते.

हा कागद उद्या काकांना नेऊन देते. कॉलर होणार नाही याची, पातळ आहे.

ताई


२१ डिसेंबर

खडू,

मीटरं बसली. भिंतीला ओळीने सहा. पाच आपली, सहावं गल्लीचं.

बसवायला खात्याचा प्लंबर आला होता, तिशीतला, बोलका. जोड बघून हसायला लागला. “हे कोणी केलंय? सूत उलटं आहे. हे टिकायचं नाही.”

“चौदा वर्षं झाली.”

त्याने दाब देऊन तपासलं. दोनदा. “नशीब आहे,” म्हणाला. “तरी बदलून टाकतो. नवा घालतो.”

मी नको म्हटलं. दाबाला उतरलाय ना, मग राहू दे. तो म्हणाला, “उद्या गळायला लागला तर?” मी म्हटलं, ज्याने केलाय त्याला बोलावू. त्याने खांदे उडवले आणि कॉक अडीच फेरे उघडला. पलीकडून मावशींचा आवाज आला, भिंतीवरून, “अगं हो हो हो, भिजले!” इतकी वर्षं त्यांची बादली बारा मिनिटांनी भरायची. काका म्हणतात, आता बाही वर करेपर्यंत भरते, विचार करायला वेळच मिळत नाही. गल्लीचा पहिला महिना पंधराच्या आतच जाईल असं दिसतंय. अकरा घरांनी मिळून नळावर पाटी लावली आहे, बादली ओसंडली तर काय होईल त्याची. ती मी इथे लिहू शकत नाही.

आज रविवार. दोन वाजता परत सगळ्यांना उभं केलं. आता गल्लीतलेही आले होते, अंगण पुरेना. सगळे नळ बंद. सहा चांदण्या. चष्मेवाल्याने भिंग फिरवलं. पाच थांबलेल्या. सहावी फिरत होती.

“आत कोण आहे?” ड्रायव्हर ओरडला.

भिंतीपलीकडून शिंपीकाका म्हणाले, “माणसाला इथे तरी शांतता द्या!”

ते बाहेर आले आणि सहावीही थांबली. नर्सबाई टाळ्या वाजवायला लागल्या, मग सगळेच. मी इतकी वर्षं मीटरं वाचतेय, चांदणी थांबली म्हणून टाळ्या पडलेल्या पहिल्यांदा बघितल्या.

तू यायचं काही लिहिलं नाहीस. मी विचारलंही नव्हतं. सही मागितली, तू दिलीस.

पण एक सांगते. रोज सकाळी कामावर निघताना, भिंतीपलीकडे कोणी नाही असं बघून, मी त्या सहाव्या मीटरचं झाकण उचलते. जोड गळत असेल तर चांदणी फिरेल. थोडीशी, इवलीशी. मग तुला कळवावं लागेल, आणि तुझ्याशिवाय तो जोड कोणी सोडवू शकणार नाही, हे मी त्या प्लंबरला सांगून ठेवलंय.

आजही बघितलं. जागची हलत नाही. इतकं चांगलं काम कशाला केलंस रे?

ताई